दानपत्रातली अट

माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती आणि ती ओलांडायला होडीशिवाय उपाय नव्हता. पावसाळ्यात होड्या उलटायच्या, माणसं बुडायची. रस्ता बांधा, अशी लोकांची मागणी होती, पण कंपनी सरकारला त्यावर खर्च करायचा नव्हता. अखेर सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई पुढे आल्या. त्यांनी 1 लाख 57 हजार रुपये दिले. 1841 मध्ये काम सुरू झालं, 1845 मध्ये रस्ता खुला झाला. पैसे देताना त्यांनी एक अट घातली होती: या वाटेनं जाणाऱ्या कुणाकडूनही सरकारनं टोल घ्यायचा नाही.

मुंबईच्या दानशूरांविषयी लिहिताना आपल्याकडे रकमा मोजल्या जातात. अमक्यानं इतके लाख दिले, तमक्यानं इतके. रक्कम महत्त्वाची आहेच. पण रक्कम एकदा दिली की खर्च होते, आणि उरली तर महागाई तिला कुरतडते. टिकते ती अट. पैसा कुणासाठी, कोणत्या कामासाठी, कुणाच्या हातून खर्च व्हायचा आणि कुणाला त्यातून वगळायचं नाही, हे दानपत्रात जिथे लिहिलेलं असतं, तिथे त्या दानाचा खरा जीव असतो. या शहरातले धर्मादाय निधी समजून घ्यायचे तर त्या अटी वाचत जावं, असं मला वाटतं.

आवाबाईंचा रस्ता खुला झाला त्याच वर्षी भायखळ्याला जे. जे. रुग्णालय सुरू झालं. जमशेटजींनी 1 लाख रुपये देऊ केले ते सरकारनं तेवढीच भर घालावी या बोलीवर. सरकारनं ती मानली. 3 जानेवारी 1843 रोजी पायाभरणी झाली आणि 1845 मध्ये रुग्ण घ्यायला सुरुवात झाली. शेजारीच ग्रँट मेडिकल कॉलेज उभं राहिलं. धनिकाचा पैसा आणि सरकारचा पैसा एकाच पायात घालायचा, ही पद्धत मुंबईत तिथून रुळली. जमशेटजींची संपत्ती चीनच्या व्यापारातून आली होती आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती. हे लपवण्याचं कारण नाही. ज्या पैशातून एका देशातल्या घरांची राखरांगोळी झाली, त्याच पैशातून दुसऱ्या देशात गरिबांचा दवाखाना झाला. वाचणाऱ्यानं दोन्ही गोष्टी सोबत ठेवाव्यात.

त्या काळी दान म्हणजे फक्त शेटजींची थैली नव्हती. 1832 मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून पारशी समाजात दंगल झाली आणि पुढे 1834 मध्ये जनावरांसाठी पांजरापोळ सुरू झाली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या व्यवहारांवर ‘लागा’ नावाची पट्टी बसवून घेतली. सौदा झाला की ठरलेला वाटा धर्मकार्याला जायचा. बाजारपेठांत हीच पद्धत धर्मादा म्हणून चालत आली: बिलात मालाची किंमत, हमाली, तोलाई, आणि शेवटी चार पैसे धर्मादा. हे पैसे व्यापाऱ्याचे नसतात, गिऱ्हाइकाकडून घेतलेले असतात. म्हणून 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात त्यांच्यासाठी वेगळं कलम आहे, 54 वं. व्यापारी त्या रकमेचा विश्वस्त ठरतो आणि तिचा हिशेब धर्मादाय कार्यालयाला देणं त्याच्यावर बंधनकारक असतं. पेढीवर जमणाऱ्या चिल्लरीलाही कायद्यानं विश्वस्ताचं ओझं दिलं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

आता दोन अटी जरा सविस्तर पाहू, कारण त्या अटींनी शहराचा इतिहास बदलला.

1880 च्या सुमारास मुंबईतल्या असंख्य बायका पुरुष डॉक्टरसमोर जायला तयार नव्हत्या, आणि स्त्री डॉक्टर जवळपास नव्हत्याच. बाळंतपणात बाई दगावली तर नशीब म्हणून गप्प बसायचं. जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे सुधारक यांनी एक निधी उभारला. इंग्लंडहून शिकलेल्या स्त्री डॉक्टर आणायच्या, त्यांच्या पगाराची हमी द्यायची आणि इथल्या मुलींना वैद्यकीय शिक्षणाची दारं उघडून घ्यायची, हा त्याचा उद्देश. निधीचं नाव होतं ‘मेडिकल विमेन फॉर इंडिया फंड’. लोकांनी वर्गणी दिली. 1883 मध्ये डॉ. एडिथ पीची मुंबईत आल्या. स्त्रियांना वैद्यकशास्त्र शिकू द्या म्हणून एडिंबरो विद्यापीठाशी झगडलेल्या सात जणींपैकी त्या एक. त्याच वर्षी ग्रँट मेडिकल कॉलेजनं मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी लाखाहून अधिक रुपये दिले ते स्त्रिया आणि मुलांसाठीच, आणि कारभार स्त्री डॉक्टरांच्या हाती राहील या अटीवर. 1886 मध्ये कामा रुग्णालय उघडलं.

ही अट नसती तर काय झालं असतं? इमारत झालीच असती. पण मुख्य पदावर सरकारी गोरा डॉक्टर आला असता आणि ज्या बायकांसाठी ती बांधली त्या पायरीपर्यंत येऊन परत गेल्या असत्या. नवऱ्याकडे नांदायला जाण्याच्या सक्तीविरुद्ध कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन आल्या, तेव्हा त्यांनी प्रथम काम केलं ते कामा रुग्णालयातच. स्त्री डॉक्टरला काम करायला जागा हवी असते, आणि ती जागा एका दानपत्रातल्या ओळीनं राखून ठेवली होती.

दुसरी अट परळची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रँट मेडिकल कॉलेजात वरच्या जागांवर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी बसत, आणि ते बहुतेक इंग्रज असत. भारतीय डॉक्टर कितीही हुशार असला तरी प्राध्यापकाच्या खुर्चीपर्यंत पोचणं मुश्कील. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या संपत्तीच्या विश्वस्तांनी नव्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी मोठी देणगी देऊ केली आणि अट घातली की इथले शिकवणारे सगळे योग्य पात्रतेचे भारतीय असतील, सरकारी नोकरीतले नसतील. महापालिकेनं अट मान्य केली. 1926 मध्ये केईएम रुग्णालय आणि शेठ जी. एस. मेडिकल कॉलेज सुरू झालं. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. गिरणगावाच्या मधोमध, कामगारांच्या चाळींना लागून, भारतीय डॉक्टरांनी चालवलेलं इतकं मोठं रुग्णालय स्वातंत्र्याच्या वीस वर्षं आधी उभं राहिलं, त्यामागे महापालिकेचा पैसा होता, शहराची इच्छा होती आणि त्या दोन्हींना दिशा देणारी ही अट होती. शेजारी वाडियांनी 1926 मध्ये प्रसूतिगृह आणि 1929 मध्ये लहान मुलांचं रुग्णालय बांधलं. त्यामुळे परळ हे गरीब कुटुंबांचं आरोग्याचं ठाणं झालं ते आजतागायत.

काही दानपत्रांचं मोल मात्र त्यांनी काय वगळलं नाही यात आहे. 1931 मध्ये लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. सर दोराबजींनी पत्नीच्या नावे ल्युकेमियाच्या संशोधनासाठी एक न्यास केला, आणि मार्च 1932 मध्ये आपली उरलीसुरली मालमत्ता दुसऱ्या न्यासाला देऊन टाकली. स्थळ, राष्ट्र, धर्म असा कोणताही भेद या दुसऱ्या न्यासाच्या दानाला आड येणार नाही, असं त्यात लिहिलं. तीन महिन्यांत ते स्वतः वारले. जातीजातींचे, पंथापंथांचे निधी असलेल्या शहरात हे मोठं पाऊल होतं. त्याच न्यासाच्या पैशातून 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. पुढे 1957 मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि 1962 मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं.

याच न्यासाचं आणखी एक काम लोकांना कमी माहीत आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी 1927 मध्ये नागपाड्याला वस्तीत राहून काम करणारं एक केंद्र उघडलं होतं. दोराबजी टाटा न्यासानं 1936 मध्ये तिथेच समाजकार्याची शाळा सुरू केली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. नुसता पैसा वाटून गरिबी हटत नाही, माणसाची अडचण समजून घेणारा प्रशिक्षित माणूस लागतो, हा त्यामागचा विचार. 1946 मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. रुग्ण आणि निधी यांच्यामध्ये बसणारी ही व्यक्ती पुढे किती महत्त्वाची ठरली, ते पाहायचं तर आजच्या रुग्णालयात जायला हवं. त्याआधी शेटजींच्या सावलीत न मावणाऱ्या निधींविषयी थोडं सांगायला हवं.

कोकणातून गिरणीत कामाला आलेल्या माणसांनी गावाच्या नावानं खोल्या घेतल्या. दर महिन्याला प्रत्येकानं वर्गणी टाकायची, त्यातून भाडं भरायचं, कुणी आजारी पडला तर त्याला गावी पाठवण्याचा खर्च करायचा, कुणी वारला तर अंत्यसंस्कार करायचे. उरलं तर गावच्या देवळाला, शाळेला. गोव्याच्या ख्रिस्ती गावकऱ्यांचे कूड, म्हणजे गावाच्या नावाची सामाईक निवासस्थानं, धोबीतलाव, माझगाव भागात याच रीतीनं चालले. बोटीवर नोकरी करणारा खलाशी दोन सफरींच्या मध्ये तिथे राहायचा, संध्याकाळच्या प्रार्थनेला हजर राहायचा आणि आपला वाटा भरायचा. पारशी पंचायतीनं आणि जेरबाई वाडियांसारख्यांनी आपल्या समाजातल्या गरीब कुटुंबांसाठी ‘बाग’ म्हटल्या जाणाऱ्या वसाहती बांधल्या, सारस्वतांनी, पाठारे प्रभूंनी, कायस्थ प्रभूंनी शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहं काढली. 1896 मध्ये प्लेग आला तेव्हा याच ज्ञातींनी आपापली तात्पुरती प्लेग इस्पितळं उभारली, कारण सरकारी इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही अशी लोकांची धास्ती होती. गाडगेबाबांनी कीर्तनातून लोकांचे पैसे उभे केले आणि धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या मिशनच्या धर्मशाळेत आजही बाहेरगावाहून टाटाला आलेले कर्करोगाचे रुग्ण उतरतात. परळची नाना पालकर स्मृती समितीही हेच काम करते. औषधाचा खर्च कुणी तरी उचलेल, पण सहा महिने मुंबईत राहायचं कुठे, हा प्रश्न रुग्णाच्या कुटुंबाला आधी मारतो. ज्यांनी तो ओळखला त्यांचं दान मला सर्वांत शहाणं वाटतं.

गणेशोत्सव मंडळांनाही यातून वगळता येणार नाही. नोंदणी नसलेल्या मंडळानं वर्गणी गोळा करायची तर कलम 41-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि उत्सव झाल्यावर हिशेब द्यावा लागतो. लालबागसारख्या ठिकाणी मोठ्या मंडळांनी डायलिसिस केंद्रं चालवली आहेत. प्रभादेवीचं सिद्धिविनायक देवस्थान 1980 च्या स्वतंत्र कायद्यानं चालतं आणि गरजू रुग्णाला 25 हजार रुपयांपर्यंत मदत करतं. दानपेटीत टाकलेली दहाची नोट परळच्या शस्त्रक्रियेच्या बिलात जमा होते, हे बहुतेक भाविकांना ठाऊकही नसतं.

निधी मरतो कसा, हेही सांगायला हवं. मुंबईतल्या शेकडो जुन्या न्यासांचं उत्पन्न म्हणजे चाळींचं भाडं. दान करणाऱ्यानं इमारत बांधून दिली, भाड्यातून विधवांना मदत, मुलांना फी, दवाखान्याला औषधं अशी सोय लावली. मग 1947 चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी 1940 च्या पातळीवर गोठली. भाडेकरूला त्या कायद्यानं छप्पर राखून दिलं, त्याची गरज होतीच. पण ज्या न्यासाला खोलीमागे महिन्याला पंधरा-वीस रुपये मिळत राहिले, त्याला छताची कौलं बदलणंही परवडेनासं झालं. 1999 च्या नव्या कायद्यानं दरसाल 4 टक्के वाढ करायला मुभा दिली, तोवर अर्धं शतक उलटलं होतं. दुसरीकडे, न्यासाची रोकड कुठे गुंतवायची हे कायद्यानं बांधून दिलेलं. ते सुरक्षिततेसाठी योग्यच, पण सरकारी रोख्यांच्या व्याजानं महागाईचा पाठलाग होत नाही. म्हणून आजही एखादा न्यास हुशार विद्यार्थ्याला वर्षाला पाचशे रुपयांची शिष्यवृत्ती देताना दिसतो. दानपत्र लिहिलं तेव्हा त्या पैशात वर्षभराचं शिक्षण व्हायचं.

अशा वेळी दोन वाटा उरतात. एक, मालमत्ता विकून भांडवल वाढवायचं. त्यासाठी कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि ती का लागते हे मुंबईच्या जमिनीचे भाव ठाऊक असलेल्या कुणालाही सांगावं लागू नये. दुसरी वाट, मूळ उद्देश कालबाह्य झाला असेल तर त्याच्या जास्तीत जास्त जवळचा उद्देश ठरवून घ्यायचा. त्यासाठी कायद्यात कलम 55 आणि 56 आहेत आणि निर्णय न्यायालयाचा असतो. विश्वस्त मंडळानं बैठकीत ठराव केला म्हणून दात्याची अट बदलत नाही. मला ही अडचण वाटत नाही. मेलेल्या माणसाचा शब्द राखायला कुणी तरी हवा.

अटींचा विषय निघाला की मुंबईतल्या मोठ्या खासगी रुग्णालयांकडे यावंच लागतं. यातली बरीच रुग्णालयं कंपन्या नाहीत, नोंदलेले धर्मादाय न्यास आहेत. त्यांना आयकरात सूट मिळते. काहींना सरकारी जमीन नाममात्र भाड्यानं मिळाली, काहींना जादा चटईक्षेत्र मिळालं. 1988 मध्ये केंद्र सरकारनं परदेशी वैद्यकीय यंत्रांवरचं सीमाशुल्क माफ करणारी अधिसूचना काढली, तिच्यात स्पष्ट अट होती: बाह्यरुग्णांपैकी किमान 40 टक्के मोफत तपासायचे, आणि महिना 500 रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी 10 टक्के खाटा राखायच्या. यंत्रं आली. अट अनेकांनी फायलीत ठेवली. 1994 मध्ये ती सवलत बंद झाली आणि 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ही जबाबदारी यंत्र सोडवून घेण्यापुरती नव्हती, ती कायमची होती.

महाराष्ट्राच्या विश्वस्त कायद्यात 1985 मध्ये कलम 41-अअ आलं. धर्मादाय रुग्णालयानं 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या. कलम पुस्तकात राहिलं. 2004 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, न्यायालयानं समिती नेमली, आणि 2006 च्या ऑगस्टमध्ये एक योजना मंजूर करून तिची अंमलबजावणी सुरू केली. या योजनेचा गाभा एका वेगळ्या खात्यात आहे. रुग्णालयानं इतर सर्व रुग्णांना केलेल्या एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या खात्यात टाकायची आणि गरिबांच्या उपचारांचा खर्च तिथून करायचा. निर्धन रुग्णाला सगळं मोफत. दुर्बल घटकातल्या रुग्णाला सर्वांत खालच्या वर्गाचे दर, आणि औषधं, साहित्य, इम्प्लांट यांच्या खरेदी किमतीचा किमान अर्धा भाग त्यानं भरायचा. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर निर्धन आणि 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल, असा सध्याचा हिशेब आहे. आणीबाणीच्या वेळी अनामत रक्कम न मागता रुग्णाला दाखल करून घ्यायचं आणि जीव वाचवणारे उपचार सुरू करायचे, हेही योजनेतच आहे. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालयं आहेत.

या दोन टक्क्यांना उपकार म्हणू नये. आवाबाईंनी सरकारला टोल न घेण्याची अट घातली. इथे समाजानं जमीन आणि करमाफी देऊन रुग्णालयाला अट घातली आहे. दाता कोण आणि घेणारा कोण, हे नीट लक्षात ठेवलं म्हणजे खाट मागणाऱ्याची मान खाली जात नाही.

आता महापालिकेच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाच्या टेबलापाशी उभं राहू. बीडहून, बुलढाण्याहून, रत्नागिरीहून आलेले नातेवाईक रांगेत आहेत. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल, आणि फाइलमध्ये जवळपास तेच कागद: केशरी किंवा पिवळं रेशन कार्ड, आधार, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, केसपेपर, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रुग्णालयाच्या कागदावरचं खर्चाचं कोटेशन. “ताई, कोटेशनवर डॉक्टरांची सही आहे, शिक्का नाही. आधी वॉर्डातून शिक्का घेऊन या, मग ट्रस्टला जा,” अशा तऱ्हेचं वाक्य इथे दिवसभर ऐकू येतं. शिक्का नसेल तर ट्रस्टच्या ऑफिसातून माणूस परत येतो, लोकलचं भाडं आणि एक दिवस वाया जातो, आणि त्या एका दिवसाचं मोल मजुरी करणाऱ्यालाच कळतं.

बालकाच्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे असं समजा. रुग्णालयाचं शुल्क नाममात्र असतं, पण व्हॉल्व्ह बाहेरून आणावा लागतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तो बसला तर प्रश्न मिटला. नाही बसला, तर समाजसेविका कागद घेऊन हिशेब मांडते. थोडी रक्कम ‘पूअर बॉक्स’मधून, म्हणजे रुग्णालयाच्याच गरीब रुग्ण निधीतून, ज्यात नागरिकांच्या देणग्या साठतात. थोडी मुख्यमंत्री सहायता निधीतून. उरलेली चार-पाच न्यासांकडून, कुणाकडून पाच हजार, कुणाकडून दहा. प्रत्येक न्यासाचा अर्ज वेगळा. कुणी ठरावीक वारीच अर्ज घेतात, कुणाला फोटो लागतो, कुणी घरी येऊन पाहणी करतात. चेक रुग्णाच्या हाती येत नाही, तो रुग्णालयाच्या नावानं निघतो. हे बरोबरच आहे. चेकची मुदत तीन महिने. सगळे चेक गोळा होईपर्यंत मुलाला ताप आला आणि शस्त्रक्रिया पुढे गेली, तर पहिले चेक बाद होतात आणि आई पुन्हा पहिल्या ट्रस्टच्या दारात उभी राहते.

पैसा असतो, न्यास असतात, द्यायची इच्छाही असते. कमी पडतो तो एकच अर्ज, एकच कागदांचा संच, आणि सर्वांना दिसेल अशी एकच नोंद, म्हणजे एका न्यासानं मंजूर केलं की दुसऱ्याला कळेल. शहरातल्या न्यासांनी मिळून एवढं केलं तरी हजारो कुटुंबांचे दिवस वाचतील. यासाठी नवा निधी नको, नवी इमारत नको. माझ्या मते आज मुंबईत कुणाला दान करायचं असेल तर त्यानं समाजसेवा विभागात एक माणूस वाढवून द्यावा, त्याच्या पगाराची पाच वर्षांची सोय करावी. त्या पगारातून अनेक पटींनी रक्कम रुग्णांपर्यंत पोचेल.

दान करण्याआधी थोडी चौकशीही करावी. संस्थेचा नोंदणी क्रमांक विचारावा. सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या क्रमांकात ‘एफ’ असतं, इतर धर्मादाय न्यासांच्या क्रमांकात बहुधा ‘ई’. न्यासाचे लेखापरीक्षण अहवाल दरवर्षी धर्मादाय कार्यालयात दाखल व्हावे लागतात. वरळीच्या अ‍ॅनी बेझंट रोडवर ते कार्यालय आहे आणि तिथे नकलेसाठी अर्ज करता येतो. मृत्युपत्रात कुणाला काही ठेवायचं असेल, तर ‘गरिबांच्या कल्याणासाठी’ एवढंच लिहून थांबू नये. कुठल्या आजारासाठी, कुठल्या भागातल्या लोकांसाठी, व्याज पुरलं नाही तर मुद्दल वापरावं की नाही, उद्देश कालबाह्य झाला तर पुढे काय, हे वकिलाबरोबर बसून लिहावं. शंभर वर्षांनी ते वाचणारा माणूस आपल्याला ओळखत नसेल, त्याला ते लेखीच हवं.

आणि घरातलं कुणी धर्मादाय रुग्णालयात दाखल होत असेल, कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर बिल हाती येईपर्यंत थांबू नका. दाखल होतानाच रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला पुढे करा, वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात ते विचारा आणि निर्धन रुग्ण निधीतून खाट मागा. नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि त्याच दिवशी धर्मादाय कार्यालयात तक्रार द्या.